कोपऱ्यावरचा पाहुणा

ऑफिसात माझं टोपणनाव केरसुणी आहे. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण मला ठाऊक आहे आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही. केर कुणाला तरी काढावाच लागतो.

आमची कंपनी एक ऑनलाइन गेम चालवते. त्यात खेळणाऱ्यांना स्वतःचे नकाशे बांधता येतात. नकाशा म्हणजे कागदावरचा नव्हे, आत शिरून चालता येईल अशी जागा. किल्ला, भुयार, चंद्रावरचा बाजार, ज्याला जे सुचेल ते. अट एकच, नकाशाला सुरुवातीची जागा हवी आणि शेवटी एक दार हवं. लोक जिवापाड मेहनत करून बांधतात आणि मग वाट बघत बसतात, की आता जग लोटेल. जग कशाला लोटतंय? जगाला स्वतःचे नकाशे बांधायचे असतात. असे हजारो नकाशे ओस पडून राहतात, चांगलं काही शोधणाऱ्याच्या पायांत येतात, आणि त्यातले ठेवायचे कुठले नि झाडायचे कुठले हे माझ्या टेबलावर येतं.

नियमही मीच लिहिला. वर्षभरात एकही भेट झाली नसेल तर नकाशा जातो. आणि भेट कशाला म्हणायचं, तर पाहुणा शेवटच्या दारापर्यंत पोहोचला पाहिजे. आत डोकावून परत फिरला तर ती भेट नव्हे. बांधणाऱ्याची स्वतःची मोजायची नाही, कंपनीतल्या माणसांचीही नाही. लोक ओळखीपाळखीच्यांना नुसतं आत-बाहेर करायला लावून आकडे फुगवत होते, म्हणून हे घालावं लागलं. तेव्हा सगळ्यांनी माझी पाठ थोपटली होती.

माझ्या सासूबाईंनी नकाशा बांधायचं मनावर घेतलं तेव्हा मला हसू आलं होतं. त्या पाणीपुरवठा खात्यात आराखडे काढायच्या. उभा जन्म जमिनीखालचे नळ कागदावर उतरवण्यात गेला. निवृत्त झाल्या तरी हाताची रेघ हलत नव्हती. माझा जुना टॅब्लेट घेऊन खिडकीपाशी बसल्या आणि म्हणाल्या, "रेघ कशी ओढायची तेवढं दाखव. बाकीचं मी बघते."

बाकीचं त्यांनी असं बघितलं, की मी थक्क झाले. आमचाच रस्ता उभा केला. सुरुवात बसथांब्यापासून. मग औषधांचं दुकान, कायम बंद असलेलं शिलाईचं दुकान, पुढे वळणावर चष्म्यांचं दुकान, त्याच्या पाटीवरचा तो भलामोठा काळा चष्मा. त्या कोपऱ्यावरून डावीकडे एक गल्ली जाते, उजवीकडे एक, आणि सरळ गेलं की आमचं फाटक, नि आत शेवटचं दार म्हणून आमच्याच घराचं. गटारांची झाकणंसुद्धा जागच्या जागी.

"रस्त्याखालचे नळही काढलेत," त्या म्हणाल्या.

"पण ते दिसणार कुठे, आई?"

"दिसत नाहीत म्हणून नसतात का?"

नकाशा खुला केला त्या आठवड्यात दहाबारा रिकामटेकडे आत शिरले, थोडं चालले आणि खाली शेरे टाकून गेले. इथे करायचं काय? झोप आली. शत्रू कुठेत? एकाने तर लिहिलं होतं, माझ्या आजीच्या औषधाच्या चिठ्ठीत याहून जास्त थरार आहे. मला राग आला, पण त्यात चूक काय होती? त्या रस्त्यावर काहीच घडत नव्हतं. माणूस नाही, कुत्रं नाही, वारा नाही. फक्त संध्याकाळचा उजेड, आणि फाटकावरचा एक पेटलेला दिवा. मी एकदा त्यात शिरले आणि कोपऱ्यावरूनच मागे फिरले. आपलाच रस्ता असा निर्मनुष्य बघवत नाही. जगातली सगळी माणसं गेली नि आपण तेवढे उरलो असं वाटतं.

आणि त्या रस्त्यावरून एक माणूस खरोखरच गेलेला होता.

माझे सासरे, ज्यांना मीही बाबाच म्हणायची, दोन वर्षांपूर्वी त्या कोपऱ्यावरून नाहीसे झाले. त्यांना विसर पडायला लागला होता. नवरा त्यांना डोळे तपासायला घेऊन गेला होता. परत येताना चष्म्यांच्या दुकानासमोर त्याला फोन आला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. कुठल्याशा इमारतीत एक बाई तान्ह्या मुलासकट लिफ्टमध्ये अडकली होती आणि रखवालदाराचे हातपाय गळाले होते. रस्त्यावर आवाज फार, म्हणून यानं बाबांचा हात सोडला नि दुसऱ्या कानावर हात ठेवला. कुठली चावी, कुठली कळ, हे त्यानं त्या माणसाला शांतपणे समजावलं. बाई सुटली. हा वळला तर बाबा नव्हते.

दोन्ही गल्ल्या त्यानं पालथ्या घातल्या. मग पोलीस, दवाखाने, शवागारं, फोटो लावलेली पत्रकं. सगळं झालं. बाबा मिळाले नाहीत, आणि ते गेले असंही कुणी सांगितलं नाही. मेलेल्या माणसासाठी रडता तरी येतं. आम्हाला तीही सोय नव्हती.

तेव्हापासून आमचं फाटक लागत नाही. सासूबाई लावू देत नाहीत. फाटकावरचा दिवा दिवसाही जळतो. भटकी कुत्री अंगणात येऊन झोपतात आणि मी कुरकुर करत त्यांना हुसकते. नवरा त्या फाटकातून येतच नाही. मागच्या बोळातून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून, मागच्या दाराने स्वयंपाकघरात येतो. कोपरा लागत नाही ना त्या वाटेनं. पहिल्यांदा आला तेव्हा मी काही बोलले नाही, दुसऱ्यांदाही नाही, आणि मग ती रीतच पडली. घरात तिघं माणसं, आणि तिघंही मूग गिळून.

अशातच एके दिवशी मी ऑफिसातून आले तर सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. टॅब्लेट शेजारी उभा केलेला.

"आज पाहुणा आला होता," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"नकाशात गं. येतो रोज दुपारी. चष्म्याच्या दुकानापर्यंत येतो नि थांबतो. पुढे येत नाही."

आमच्या गेममध्ये ज्याने नाव घेतलेलं नसतं असा पाहुणा करड्या रंगाच्या आकृतीसारखा दिसतो. चेहरा नसतो. अशी एक आकृती त्या ओसाड रस्त्याने रोज येते, बाबा गेले त्याच जागी थांबते, आणि या इथे मटार सोलत तिच्याकडे बघत बसतात. मला ते चित्र डोक्यातून जाईना.

"आई, आमचा तपासणीचा प्रोग्राम असेल," मी म्हणाले. "तो सगळ्याच नकाशांत फिरतो."

त्यांनी मान डोलावली आणि मटार उचलून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी तो प्रोग्राम बघितला. तो सुरुवातीपासून दारापर्यंत नाकासमोर चालतो. वाटेत थांबायला त्याला मन कुठे आहे? मग त्यांच्या नकाशाचा आकडा बघितला. भेटी, शून्य.

मला खात्रीच पटली, की सासूबाईंना भास होताहेत. त्या दिवशी जेवताना त्या अंगणात गेल्यावर मी नवऱ्याला हळूच म्हणाले, "आईंना डॉक्टरांकडे न्यायला हवं. त्या नकाशात रोज कुणीतरी येतं म्हणतात. कोपऱ्यावर थांबतं म्हणतात. मी तपासलं, एकही भेट नाही तिथे."

त्यानं चमचा खाली ठेवला. "मोरीतला नळ गळतोय," म्हणाला आणि उठला. अर्धं ताट तसंच. नळ गळत नव्हता, पण तो बराच वेळ पाना घेऊन खुडबुड करत राहिला. मला वाटलं, वडिलांचा विषय निघाला म्हणून बिनसलं.

वर्षअखेरीच्या झाडलोटीची यादी लागली तेव्हा त्यात सासूबाईंचा नकाशा होता. असणारच होता. मी उगाच, कशासाठी ते माहीत नसताना, दुपारच्या वेळी तो उघडला. आम्हाला नकाशात न उतरता वरून बघता येतं. रिकामा रस्ता, संध्याकाळचा उजेड, तो काळा चष्मा. मी डबा उघडला, एक घास घेतला, आणि बसथांब्यावर एक करडी आकृती उगवली.

घास तोंडातच राहिला.

आकृती चालू लागली. औषधांच्या दुकानावरून, शिलाईच्या दुकानावरून, कोपऱ्यापर्यंत. थांबली. एका जागी उभी राहिली. मग गर्रकन मागे वळली. डाव्या गल्लीत काही पावलं गेली, परतली. उजव्या गल्लीत गेली, परतली. पुन्हा त्याच जागी येऊन उभी राहिली, आणि तिथून आमच्या फाटकावरच्या दिव्याकडे बघत राहिली. बघत होती असं मी म्हणते. चेहरा नव्हताच तिला.

आधी मला बाबाच वाटले. खोटं कशाला बोलू, मी खुर्ची मागे सरकवली. मग माझं मलाच जाणवलं, की बाबा असे गल्ल्यांत वळून वळून कुणाला शोधतील? हरवलेला माणूस स्वतःला शोधत नाही. शोधतो तो मागे राहिलेला. ही वेळ माझ्या नवऱ्याच्या जेवणाच्या सुट्टीची होती.

रोज डबा मांडीवर ठेवून, कुठल्यातरी इमारतीच्या जिन्यात बसून, हा माणूस फोनवर त्या कोपऱ्यापर्यंत जात होता आणि तिथून त्याचा पाय निघत नव्हता. आणि आमच्या आकड्यात तो नव्हताच. दारापर्यंत पोहोचत नाही तो आला असं धरायचं नाही, हे मीच लिहून ठेवलेलं.

घरी आले ती सरळ खिडकीपाशी गेले. "आई, तो पाहुणा कोण आहे ते कळलंय मला."

"बस," त्या म्हणाल्या. "मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्याला नकाशाचा पत्ता मीच पाठवला होता."

"मला वाटलं, तुम्ही बाबांसाठी बांधलात."

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "अगं, ज्या माणसाला स्वतःचं नाव आठवत नव्हतं, तो गेम उघडून घरी येईल इतकी का मी खुळी आहे? यांची वाट मी बघते, ती फाटकाशी. तो नकाशा माझ्या पोराचा आहे. त्या दिवशी दोघं गेले माझे. एक निदान मागच्या दारानं जेवायला येतो."

डोळे भरून आले आणि त्याचा रागही आला, कारण मला पुढचं सांगायचं होतं.

"आई, तो नकाशा जाणार आहे. कुणी शेवटपर्यंत गेलंच नाही ना. त्याला सांगू या. एकदा दारापर्यंत चालून ये म्हणावं, संपलं. नकाशा वाचेल."

"नाही सांगायचं."

"अहो, पण..."

"ढकलून आणलेला माणूस घरी आला असं होत नाही," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं असतं तर तो पहिल्या दिवशीच आला असता. आईचं ऐकतो तो. मला तसा नको आहे."

दुसऱ्या दिवशी मी आमच्या प्रमुख बाईंच्या केबिनमध्ये गेले. नियम बदला असं म्हणायला केरसुणी गेलेली, हे बघून त्यांनी आधी चहा मागवला. त्या काही वाईट नाहीत. नीट ऐकून घेतलं.

"समजा, तुझ्या सासूबाईंचा ठेवला," त्या म्हणाल्या. "मग बाकीच्यांना काय सांगू? प्रत्येक ओसाड नकाशात कुणाचं ना कुणाचं काहीतरी असणारच की. तुझीच वाक्यं आहेत ही, मागच्या वर्षीची."

"लोकांना न आवडलेलं आणि कुणालाच नको असलेलं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत," मी म्हणाले. "शोधात दाखवू नका. पण पुसू नका. ज्याच्याकडे पत्ता आहे त्याला जाता येऊ दे. एका माणसाला लागतो म्हणजे तो लागतो. आणि जो अर्ध्यावर थांबतो, तोही आलेलाच असतो."

त्यांनी कप बाजूला सरकवला. "हे लिहून दे. पुढच्या वर्षीपासून करू. या वर्षीची झाडलोट लागलेली आहे, उद्या दुपारी आपोआप होणार. ती मलाही थांबवता येत नाही."

मी लिहून दिलं. नियम म्हणून चांगला होता. माझ्या उपयोगाचा नव्हता. दुसऱ्या कुणाला नुसतं दारापर्यंत चालवून आणावं, तर ज्या लबाडीसाठी मी नियम घातला तीच मी केली असती.

सकाळी नवरा मागच्या दाराशी बुटांचे बंद बांधत होता. सासूबाईंनी सांगायचं नाही म्हटलं होतं, ते पुढे चालत जा असं सांगायचं नाही, असा अर्थ मी माझ्या सोयीनं लावला.

"आज दुपारी आमच्याकडे ओस नकाशे जाणार आहेत," मी म्हणाले. "आईंचाही आहे त्यात."

त्याचा हात बंदावर थांबला. वर बघितलं नाही. "कुणी जात नसेल तिथे," तो म्हणाला.

"जात असेल की. दारापर्यंत जात नसेल."

त्यानं गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. मग हत्यारांची पिशवी खांद्याला लावून टाकीच्या बाजूनं निघून गेला.

दुपारी मी डबा उघडलाच नाही. पडद्यावर तो रस्ता लावून बसले. ठरलेली वेळ होऊन गेली तरी बसथांबा रिकामा. शेजारच्या पडद्यावर झाडलोट सुरू झाली होती, एकेक नकाशा यादीतून नाहीसा होत होता. कुणाचा किल्ला, कुणाची बाग. मग तो उगवला. आज कुठेही न रेंगाळता कोपऱ्यावर आला. उभा राहिला. मागे वळला नाही, गल्ल्यांत गेला नाही. फाटकावरच्या दिव्याकडे तोंड करून नुसता उभा. मी पडद्याला हात लावून म्हणत होते, चल ना रे, चल.

आणि त्यानं पाऊल उचललं. कोपऱ्याच्या पुढे. मग दुसरं. अगदी सावकाश, काचेवरून चालावं तसा. कोपरा मागे पडला. फाटकाचे गज वेगळे दिसायला लागले, दिव्याभोवतीचा पिवळा उजेड त्याच्या करड्या अंगावर पडला, आणि पडदा राखाडी झाला. नकाशा उपलब्ध नाही, असं वर आलं. ती ओळसुद्धा माझीच.

मी तशीच उठले आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. रडले. मला माझ्या कामाची इतकी किळस कधी आली नव्हती. तो इतक्या दिवसांनी पुढे आला होता, आणि आम्ही त्याच्या पायाखालचा रस्ताच काढून घेतला होता.

घरी सासूबाई खिडकीत होत्या. टॅब्लेट पालथा घातलेला.

"बघितलंत?" मी विचारलं.

"बघितलं," त्या म्हणाल्या. आम्ही दोघी स्वयंपाकाला लागलो. त्यांनी कणीक इतकी मळली, की मी शेवटी परात त्यांच्या हातून काढून घेतली. मागच्या दाराकडे मी सारखी बघत होते. त्याची यायची वेळ झाली, टळली. बोळात पावलं वाजली ती शेजाऱ्यांची होती. माझ्या मनात नाही नाही ते यायला लागलं. या घरातून एक माणूस असाच नाहीसा झालेला आहे, मन धावणारच.

अंगणातली कुत्री भुंकली. मी हातातलं लाटणं घेऊन हुसकायला म्हणून पुढच्या दारात आले.

फाटकात तो उभा होता. दिव्याखाली. खांद्यावर पिशवी, शर्टाची पाठ घामानं ओली, आणि चेहरा असा उतरलेला, की क्षणभर मला ती आकृतीच वाटली. मी बाजूला झाले, कारण माझ्या मागून सासूबाई येत होत्या.

"कोपऱ्यावर उभा होतो," तो त्यांना म्हणाला. "केव्हाचा. चष्म्याचं दुकान बंद करून गेला तो माणूस."

सासूबाई पायरीवर थांबल्या. पुढे झाल्या नाहीत.

"दुपारी येतच होतो, आई. मध्येच बंद पडलं." त्यानं फाटकाचा गज धरला. "म्हटलं, उरलेलं चालून टाकू."

"ये," त्या म्हणाल्या.

तो आला. अंगणातून, पायऱ्या चढून, पुढच्या दारानं. आत येऊन हत्यारांची पिशवी कुठे ठेवावी ते त्याला कळेना. या बाजूनं येऊन ठेवायची सवयच मोडली होती. सासूबाईंनी ती त्याच्या खांद्यावरून उतरवून घेतली आणि भिंतीशी ठेवली. तो तिथेच खाली बसला, त्यांच्या गुडघ्याला डोकं टेकून, आणि दोन वर्षांचं रडला.

"दारात काय ठेवलं होतंस?" बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं. "नकाशाच्या शेवटी. मी तिथपर्यंत गेलोच नाही."

"काही नव्हतं रे," त्या त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणाल्या. "नुसतं दार. उघडं."

मी पानं घ्यायला आत वळले. जाता जाता मला वाटलं, आता घरातलं माणूस घरात आलं, निदान आजच्यापुरतं फाटक लावावं, म्हणून बाहेर गेले. कडीला हात घातला. कोपऱ्यापर्यंत सगळा रस्ता रिकामा होता, अगदी त्यांनी बांधला होता तसा. एकही माणूस नाही, वारा नाही.

"राहू दे गं," आतून सासूबाई म्हणाल्या. "अजून एक यायचेत."

मी कडी सोडली आणि फाटक होतं तसं उघडं ठेवून आत आले.